हिरव्या पिशवीचा भाव

धुळ्याच्या स्टँडवर हेमलता नरडाण्याच्या गाडीची वाट बघत बसली होती. शेजारच्या मायलेकींपुढे वायरच्या विणलेल्या पिशव्या मांडलेल्या होत्या. त्यातली हिरवी तिच्या मनात भरली होती, पण त्या दोघींचंच काही संपत नव्हतं.

"आई, मघाची दीडशेला का देऊन टाकलीस? तेवढ्याची तर नुसती वायर लागली."

"म्हणूनच दीडशेला दिली. तोटा कुठे झाला?"

"आणि विणायचं काय? रोज संध्याकाळी मान मोडेपर्यंत बसत होतीस."

"हात तर घरनाच शेतस, प्रज्ञा. घरच्याच हातांचे कसले पैसे?"

"कापूस वेचायला जातेस तेव्हा हात कुणाचे असतात?"

"तिथे मजुरी ठरलेली असते."

"कुणी ठरवली?"

"आम्हीच. यंदा मालक भाव वाढवेना. मग बठ्ठ्या बाया, अगदी सगळ्या, बांधावर बसून राहिलो. एकही शेतात उतरली नाही. दुपारी आला की मुकाट्याने कबूल करायला."

"बरं. आपल्या गल्लीत पिशव्या कोण कोण विणतं?"

"पंचफुला, तिची जाऊ, समोरची अक्का... बठ्ठ्याच विणतात की."

आई बोटांवर आणखी नावं मोजू लागली. तेवढ्यात हेमलताने हात पुढे केला.

"मावशी, ही हिरवी मलाही दीडशेला द्या ना."

आईने पिशवी हळूच ओढून मांडीवर घेतली.

"आज नाही, ताई. आधी गल्लीतल्या बायांना विचारते, मग भाव सांगते."