ताईची झोपेची गोळी

दवाखान्यात माझ्या शेजारी दोन म्हाताऱ्या बहिणी बसल्या होत्या. धाकटीने थोरलीची औषधांची पिशवी मांडीवर उघडली होती.

“ताई, ही झोपेची गोळी कधीपासून घेतेस?”

“तुझे भावोजी गेले तेव्हापासून. नऊ वर्षं झाली.”

“अगं, हीच मीही घेत होते! इथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, या वयात हिच्याने तोल जातो. मग हळूहळू कमी करत सोडवली.”

“आमच्याकडे एकच डॉक्टर आणि दाराबाहेर ही रांग. तो विचारतो, ‘काय आजी, तेच चालू ठेवू ना?’ मी म्हणते, ‘हो.’ झालं.”

“दोनदा पडलीस, ते नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर पडण्यावर आणखी एक गोळी दिली असती.”

धाकटी हसली आणि हसता हसताच डोळे पुसायला लागली.

“आता रडतेस कशाला? हाड थोडंच मोडलंय?”

“माझी गोळी सुटून वर्ष झालं, ताई. रोज फोनवर जेवलीस का विचारते. हे विचारायचं सुचलंच नाही मला.”

“वेडी आहेस. डोळे पूस आणि आत तूच बोल. मला मेलीला ‘हो’ म्हणायचीच सवय झालीय.”

“मुळीच नाही. तू बोलायचंस. मी नुसती शेजारी बसणार.”

तेवढ्यात नर्सने हाक मारली. दोघी हात धरून आत गेल्या. दार लागण्याआधी थोरलीचा आवाज आला,

“डॉक्टर, मी चारदा पडलेय. हिला दोनच माहीत आहेत.”