गायक गेल्यानंतरचा अल्बम

मंगल : येत न्हाईत ती माणसं. गेवराईपस्तोर आलती, तिथूनच दिंद्रुडला माघारी फिरली. शहादेवच्या भावाचा फोन होता.

सुभद्राबाई : कावून? शहादेवसाठी तुला बघायला येतो म्हणून सांगून निघाले आन अर्ध्या वाटंतून माघारी?

मंगल : तुझ्या धाकट्या लेकीला इचार. तिचा व्हिडिओ बघितला म्हणं त्यांनी.

ऋतुजा : अल्बमचा? आक्का, ती गंमत आहे गं. माणसाचा स्वभाव बघायचा आणि सांगायचं, हा जुन्या रॉकमधला कुठला अल्बम. पुण्यात लई बघतात माझे व्हिडिओ. शेजारच्या जीवनदादाला मी नुसता ढोल बडवणारा अल्बम केला, तर त्यानं तो स्टेटसला ठेवला.

सुभद्राबाई : मला बी केलतं की हिनं.

ऋतुजा : तुझं एकच गाणं, संपतच नाही. मधे कुणाला बोलू देत नाही.

सुभद्राबाई : जळलं तुझं तोंड!

मंगल : आन मला काय केलं?

ऋतुजा : जाऊ दे ना.

मंगल : जगाला सांगितलंस, आता माझ्या तोंडावर सांग.

ऋतुजा : एका बँडचा गायक सोडून गेला. बाकीच्यांनी त्याच्याशिवाय अल्बम काढला. नाव मात्र जुनंच ठेवलं. तो कधीतरी परत येईल म्हणून.

मंगल : म्हंजी मी.

ऋतुजा : तुझं नाव कुठं घेतलंय मी?

मंगल : फोटू कुणाचा हाय? माझ्या गळ्यातल्या काळ्या मण्यांवर बाण काढलास. खाली हसायची चित्रं टाकलीस.

सुभद्राबाई : मग खोटं काय केलं तिनं? अजिनाथनं तुला टाकून दुसरी केली, तिला लेकरं झाली. काढ ते मणी, काढ ते मणी, बोलून माझी जीभ झिजली.

मंगल : शहादेवचा भाऊ म्हणला, बाईचा जीव पहिल्या नवऱ्यातच हाय, सख्खी भईनच सांगतीय. असली बाई घरात आणून काय करावं?

ऋतुजा : मग नाहीये का? रात्री झोपतानाही काढत नाहीस तू. मला वाटलं...

मंगल : तुला वाटलं. इचारलं न्हाईस.

ऋतुजा : बरं, आता विचारते. कशाला घालतेस?

मंगल : ऊस तोडायला टोळीत जाती म्हणून. खोपीला दार नसतं गं, नुसतं पोतं लावलेलं असतं. मणी दिसले की गडी इचार करतो, हिचं कुणीतरी असंल, उद्या येऊन उभा राहील. न्हाई दिसले की पोतं सरकवतो. दोरा तुटला म्हणून एक रात काढून ठेवलते. त्याच राती सरकवलं.

सुभद्राबाई : मंगल! गप बस.

मंगल : तवा बी तू हेच म्हणलीस. तुझ्याजवळ आलते मी सांगायला. म्हणलीस, बोलू नको कुठं, पुढच्या सालीबी जायचंय, ऋतूचं कॉलेज हाय.

ऋतुजा : आई? हे खरंय?

सुभद्राबाई : मग काय करायचं होतं? मुकादमाच्या माणसाशी भांडायचं होतं? खायचं काय मग?

ऋतुजा : आक्का... मला काहीच माहीत नव्हतं गं.

मंगल : तो व्हिडिओ काढून टाक.

ऋतुजा : काढते. आत्ता काढते. चुकलंच माझं. मी तुला अल्बमच चुकीचा दिला. तुझा वेगळा आहे. खरखरीत आवाजाचा, ऐकता ऐकता माणूस गप्प होतो असा.

मंगल : मला कोणताच नको.

ऋतुजा : ऐक ना. तू आत्ता जे बोललीस, तेच परत बोल. मी फोन धरते. लोक रडतील, आक्का.

मंगल : कोण लोक?

ऋतुजा : सगळे. शहादेवही बघेल. त्याचा गैरसमज जाईल.

मंगल : त्या रातीचं बोलू? गावासमोर?

ऋतुजा : त्याच्यानंच तर सुरुवात करायची.

सुभद्राबाई : ते नको. नुसतं मण्यांचं बोलंल ती.

ऋतुजा : नुसत्या मण्यांचं कोण बघणार, आई?

मंगल : आये, तू तरी सांग हिला.

सुभद्राबाई : ऋतू, हे बघितल्यावर दिंद्रुडवाले परत येतील का?

ऋतुजा : येतील. का नाही येणार?

सुभद्राबाई : मंगल, जरा उजेडाकडं तोंड कर.