मागची वायर

— बसा हो, त्या स्टुलावर बसा, डुगडुगतो पण पाडत नाही कुणाला. हां, तर तुम्ही फोनवर दाखवलेत ते पार्ट सगळे चांगलेच आहेत, नावं ठेवायला जागा नाही. प्रोसेसर बरोबर, मदरबोर्ड त्याला जुळणारा, आणि रॅम तर इतकी घेताय की आई तुमची घरबसल्या सिनेमा काढेल. काय करणार म्हणालात आई कम्प्युटरवर? नातवंडांचे चेहरे बघणार, जुनी गाणी ऐकणार, पत्ते खेळणार — बस? मग जोडताय कशाला? तयार घ्या. हसू नका, मनापासून सांगतेय. बाहेर पाटीवर ‘कम्प्युटर जोडून मिळतील’ असं लिहिलंय, ती पाटी मीच रंगवून घेतलीय, आणि आत बसून मीच म्हणतेय तयार घ्या — म्हणजे मला वेड लागलंय असं नाही. उलट आत्ता कुठे डोकं ठिकाणावर आलंय.

कळलं, कळलं. आईसाठी स्वतःच्या हातानं काहीतरी करायचंय. तुम्ही लांब राहता, येणं होत नाही, मनाला लागून राहिलंय — सांगू नका, तोंडावरच दिसतंय. पण ऐका माझं, दादा. तयार मशीन बिघडलं की माणूस कंपनीला शिव्या देतो, आणि जोडलेलं बिघडलं की जोडणाऱ्याला फोन करतो. कंपनीला काय, ती शिव्या खाऊन झोपते. जोडणाऱ्याचं तसं नाही. माझ्या मावशीला मी एक जोडून दिला — एकच हं — तेव्हापासून तिच्याकडे वीज गेली तरी मला फोन. म्हटलं, मावशे, वीज मी नाही जोडली! तर म्हणते, अगं पण तुला त्यातलं कळतं ना. झालं. कळतं ना, हे एकदा कुणी म्हटलं की सुटका नाही. आमचा थोरला भाऊ बघा, तिकडे लांब चांगल्या नोकरीत आहे, त्याला मुळीच काही कळत नाही. कसा सुखात आहे! बाबांच्या कम्प्युटरचं काही निघालं की म्हणतो, ‘तूच बनवलायस ना, मग तूच बघ.’ आणि हळूहळू, म्हणजे कळायच्या आतच, कम्प्युटर राहिला बाजूला आणि बाबाच माझे झाले. डॉक्टर तूच बघ, चष्मा तूच बघ, गुडघ्याचा पट्टा तूच बघ.

बाबा म्हणजे — ते टायपिंगचा क्लास चालवायचे. अर्ध्या गावाला टाइप करायला त्यांनी शिकवलं. आता बोटं आखडली, डोळे गेल्यातच जमा, पण वर्तमानपत्राला पत्र लिहिल्याशिवाय दिवस जात नाही. रस्त्यातला खड्डा, बँकेतला पंखा, कशावरही लिहितात. तर त्यांच्यासाठी मी जोडला. अहो, काय जोडला होता! त्यांना वाकवत नाही म्हणून चालू करायचं बटण कॅबिनेटच्या वरच्या पत्र्याला भोक पाडून तिथे घेतलं. कीबोर्ड मुद्दाम खाडखाड वाजणारा शोधला, कारण आवाज आल्याशिवाय अक्षर उमटलंय यावर त्यांचा विश्वास बसत नाही. पडद्यावर अक्षरं ही एवढाली. चालू केला की सरळ कोरा कागदच समोर येतो, मधे काही नाही. बाबांनी हात फिरवला वरून आणि म्हणाले, ‘हे माझ्या मापाचं झालं.’ मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! तेव्हा कळलं नाही की त्यांच्या मापाचं करता करता मी माझंच माप देऊन बसलेय. दुसरा कुणी त्याला हात लावू शकत नाही. एकदा समोरचा मेकॅनिक पाठवला, तर तो बटणच शोधत बसला आणि बाबांनी त्याला हाकलून दिला.

ते? ते खोकं? ते विकायचं नाही. नाही, जागचं हलवू नका, राहू द्या तिथेच. ऑल-इन-वन आहे तो, म्हणजे सगळं पडद्यातच, खाली डबा नाही. एकच आहे आणि तो बाबांसाठी आणलाय. सील पण फोडलं नाही अजून. रोज म्हणते आज नेते, आज नेते — तो जड आहे ना जरा.

बरं, तुमचं बोला. तुम्ही म्हणाल, बाई, एवढा चांगला जोडलात तर बिघडतो कशाला? बिघडत नाहीच हो! हेच तर आहे. बिघडत नाही. पण बाबांचा फोन येतो, ‘पडद्यावर नो सिग्नल आलंय.’ मी शटर अर्धं ओढते, गिऱ्हाईक असलं तर त्याला बसवते, दोन गल्ल्या ओलांडून घरी जाते. बघते तर पडद्याच्या मागची वायर निघालेली. ती वायर बघितलीय ना तुम्ही, जुन्या पडद्यांची? तिला दोन बाजूंना दोन स्क्रू असतात, बोटांनीच पिळून बसवायचे. पहिल्यांदा वाटलं, मीच नीट पिळले नसतील. स्वतःवरच चिडले. पुन्हा निघाली. मग मी चांगले आवळून बसवले, नखं दुखेपर्यंत. तरी निघाली. स्क्रू आपोआप सुटत नाहीत, दादा. उंदीर स्क्रू सोडवत नाही. घरात दुसरं आहे कोण?

बाबांच्या बोटांना कपाचा कान धरवत नाही, थरथरतात. त्या बोटांनी, पडद्याच्या मागे हात घालून, न बघता, तेवढेसे स्क्रू — किती वेळ लागत असेल हो त्यांना! आणि मी गेले की खुर्चीत अगदी भोळा चेहरा करून बसलेले. ‘काय झालं होतं गं?’ म्हणतात. मी म्हणते, ‘धूळ, बाबा.’ पेचकस हातात घेते, त्या वायरीला तो लागतसुद्धा नाही, तरी घेते, कॅबिनेट उघडते, फडकं फिरवते, उगाच ‘हं… हं…’ करते. ते तेवढ्यात पत्र तोंडपाठ म्हणून दाखवतात. बँकेतला पंखा. मी म्हणते, छान झालंय. पडदा उजळला की म्हणतात, ‘तुझ्या हाताला यश आहे.’ त्यांनाही माहीत आणि मलाही माहीत, आणि दोघंही एकमेकांना धूळ सांगतो. ये, जरा बस माझ्याजवळ, असं का नाही म्हणत सरळ? म्हटलं तर मी काय नाही म्हणणारेय? … म्हणेनसुद्धा. दुकान असतं, म्हणेन रात्री येतेच आहे की घरी. म्हणूनच नसतील म्हणत.

राग येतो हो. पायऱ्या चढताना इतका राग येतो की वाटतं, ही वायर एकदा तोडूनच टाकावी. मग त्यांचा तो भोळा चेहरा बघितला की रागाची लाज वाटते, आणि परत दुकानात येईपर्यंत लाजेचा पुन्हा राग झालेला असतो.

माझी एक मैत्रीण आहे, कॉलेजातली. तिकडे, चांगलं लांब, तिनं दुरुस्तीचं मोठं केंद्र काढलंय, म्हणते तू ये, अर्धं तू बघ. राहायला खोलीही बघून ठेवलीय माझ्यासाठी. फोनवर दाखवली मला. रिकामी खोली, दादा! एक खिडकी, एक खुंटी, बस. मी बघतच राहिले. त्या खोलीत कुणाचं काहीच बिघडलेलं नव्हतं. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही सांग म्हणालीय. म्हणून तर हे खोकं. आता कळलं ना, का आणलं? बाजारात बारा प्रकार बघितले, हाच घेतला, कारण याच्या मागे काढण्यासारखं काही नाही. वायरच नाही. स्क्रू नाही. एक साधी पिन भिंतीत, तिथे त्यांचा हात पोचत नाही. काही झालं तर कंपनीचा नंबर वर चिकटवलेला आहे. बाबांनी त्या नंबरावर बोलावं. असं — असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही पण लांबच राहता की.

नाही, चुकले. असं बोलायला नको होतं मी. सकाळपासून हेच चाललंय डोक्यात, तुम्ही मधे सापडलात. तुमच्या आईचं वेगळं असेल. तुम्ही जोडून दिलात तर तिलाही मागची वायर सापडेल, एवढंच म्हणायचंय मला. म्हणून म्हणते, तयार घ्या —

थांबा हं. घरचाच फोन आहे. बोला बाबा. … हं. … नो सिग्नल. … नाही, आहे एक गिऱ्हाईक, पण बोला. … कुणाचा फोन आला होता? घरी? … तिनं सांगितलं तुम्हाला? सगळं? … अहो, मी सांगणारच होते, आज रात्री — … नाही. नाही, रागावले नाही. … काय म्हणालात? … पुन्हा सांगा, ऐकू नाही आलं. … बरं. … हो. … बरं बाबा.

जा म्हणतात. खोली चांगली आहे ना, विचारलं. खुशाल जा म्हणतात, माझी काळजी करू नकोस. फक्त जायच्या आधी ती वायर परत कशी बसवायची तेवढं मला एकदा शिकवून जा, म्हणाले. सोडवायला जमतं मला, म्हणाले, लावायला नाही जमत.

… आरडाओरडा केला असता तर मी आज रात्रीच गेले असते हो.

ऐका, तुम्ही ते खोकं घेऊन जा. हो, तेच. म्हणालात ना तयार घेतो — नाही म्हणालात? मग आता म्हणा. चांगलं मशीन आहे, आईला काही त्रास नाही व्हायचा. खालून धरा, त्या कोपऱ्याला, जड आहे. पैशांचं उद्या बघू. फक्त तिला फोन तुम्ही आपणहून करत जा, कारण या मशीनची वायर काढून तिला तुम्हाला बोलावता यायचं नाही. आभार कसले मानताय, उठा, मला शटर ओढायचंय. पूर्ण. आणि तो पेचकस द्या इकडे, तुमच्या हाताशी आहे तो.