ओली लाडल

नाही, नाही वकीलताई, कालीबाईनं मारलं हे मी कुठं नाकारतो – माझ्या डोळ्यांदेखत मारलं, पहारीनं, डोक्यात, दोनदा. पण का मारलं ते आधी लिहा. त्यासाठीच ना कळसाडीपर्यंत आलात? बसा त्या खाटेवर. काय? जेलातून तिनंच माझं नाव दिलं? हिलालभाऊ खरं सांगेल म्हणाली?... असं म्हणाली होय.

मग ऐका. गुजरातेतला तांब्याचा कारखाना – खाणीतला दगड दळून आलेली काळी, जड भुकटी, ती भट्टीत वितळवायची. मळी वर तरंगते, तांब्याचा रस खाली बसतो. वाहरूचं काम काय, तर भट्टीच्या भोकातला मातीचा गुडदा पहारीनं फोडायचा, की रस धो धो खालच्या लाडलमध्ये – लाडल म्हणजे लोखंडी हंडा हो, माणूस उभा मावेल एवढा. कालीबाई त्याची बायको, तिथंच सांडलेली भुकटी झाडायची. धडगावकडची दोघं. जेवायची एकाच ताटात – आम्ही हसायचो त्यांना.

त्या दिवशी लाडल धुऊन आणलेली. ती आधी खडखडीत वाळवायची असते. थोडं जरी पाणी राहिलं आणि त्यावर रस पडला – संपलं, बॉम्बच. वाहरू म्हणाला, "साहेब, तळाला पाणी दिसतंय." सुपरवायझर भरत, आपल्या शहाद्याकडचाच, तो ओरडला, "कोरडी शे ती! फोड तू!"

फोडला. आवाज झाला – नाही, आवाज नंतर, आधी उजेड. वाहरू भिंतीवर आपटला, ताई. कालीबाईनं धावत जाऊन त्याचा हात धरला, तर कातडं तिच्या मुठीत आलं आणि तो खाली. ओरडला नाही. ओरडायला तोंड राहिलं नव्हतं. तिनं ते कातडं पदरात बांधलं – बांधलं हो, गाठ मारली – आणि पहार उचलली. पहार तापलेली. तिचे तळवे चर्र वाजले ते मी ऐकलं, एवढा जवळ होतो. भरत हात जोडून मागे सरकत होता – "मी नाही, कालीबाई, मला सांगितलं तसं मी बोलनू, इचार ना त्या हिला–" आणि पहिला घाव.

खाली पडला, पण जिवंत होता. ओठ हलत होते. तिनं पहार परत उचलली – मी दोन हातांवर, मनगट धरलं असतं तरी पुष्कळ होतं. नाही धरलं. का म्हणजे? तो नाव पुरतं बोलला असता ना!

...कुणाचं म्हणजे? लाडल बघायला मलाच पाठवलं होतं. खाली उतरून हात फिरवायचा असतो. मी वरून डोकावलो, अंधार दिसला, येऊन भरतला म्हटलं कोरडी आहे.

लिहायचं थांबलात का? नाही – लिहू नका. खोडा ते. तिला कळलं तर... ताई, ती अजून भाऊच म्हणते का मला?

बोलू नका. उठा. उठा म्हणतो ना खाटेवरून! जा.