अंधारातला हात

सोलापुरात हौशी नाटकाच्या तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढं मंद्रूपच्या दोन जावा उभ्या होत्या.

"अक्का, सरपंचाच्या निवडणुकीत पडल्यापास्नं तुमी उंबरा वलांडला न्हाय. आन् आता रोज नाटक?"

"हितं बसलं की जीव हलका हुतो. का, ते कळत न्हाय."

"मग आज गप का?"

"काल नाटकातली आई मेली, तवा लई रडले. शेजारचीबी रडत हुती. अंधारात आमी एकमेकींचा हात धरला."

"बरं की."

"दिवे लागल्यावर बघतेय, तर श्रीदेवी."

"तुमाला पाडलं ती?"

"व्हय."

"हात सोडला का न्हाय?"

"तिनं न्हाय सोडला. मीबी न्हाय."

"आज येणार हाय ती?"

"काय म्हाईत. दोन तिकिटं काढ."

"बरं."

"थांब. तीन काढ. तिला राग यील का गं?"