आईला दाखवलेलं टेक्सास

ऐका, टेक्सासच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तरी आईचं महिनाभर एकच, "पाहू." फी भरायचा शेवटचा दिवस आला, तेव्हा तिथं दहा वर्षं राहणाऱ्या आमच्या नाचणगावच्या विकासदादाला मी व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, आता तूच दाखव हिला तुझं राज्य.

दादा फोटो दाखवत सुटला. "काकू, हे वाळवंट. हा समुद्र. हे जंगल. अन् हा आपल्यासारखाच कापूस."

"अन् हे पांढरं?"

"बर्फ आहे काकू. तोही इथलाच."

आईनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मी वैतागले, "आई, बोल ना! जाऊ का नाही?"

"थांब ना वं! मले विचारू दे. विकास, वाळवंटबी तिथंच, बर्फबी तिथंच, मंग मी हिची ब्याग भरू तरी कशी?"