कल्हई कळकली

शेवंती : आधी ह्या पेन्सिली बघ. सगळ्या गोळा करून डब्यात भरल्यात. निधी टोकं चावते त्यांची. शिसपेन्सिल म्हणतात ना, मग शिसं त्यातच असणार की.

तेजल : आजी, शिसं फक्त नावात आहे. आत ग्राफाइट असतं, कोळशाचाच भाऊ समजा. तरी बाहेरच्या रंगासाठी बघते. हात बाजूला घ्या हं, ही शिसं शोधायची बंदूक समोर कोणी असताना चालवत नाही मी. झालं. काही नाही.

शेवंती : नाय? परत बघ गो. आठवडा झाला, चेडवाक चित्र काढूक दिलंय नाय मी. रडून रडून झोपली पोर, पण पेन्सिल दिली नाय.

मानसी : मी सांगत होते, आई. पेन्सिल नसेल म्हणून. तुम्ही ऐकलं नाही.

शेवंती : मगे काय ऐकायचं होतं? माझी हळद विषारी म्हणून?

मानसी : असं म्हटलं मी?

शेवंती : म्हटलं नायस. डबा उचलून वरच्या फळीवर ठेवलास. सुनेनं सासूचा हळदीचा डबा वर ठेवला की काय समजायचं ते समजतं माणूस.

तेजल : एक मिनिट, एक मिनिट. मशीनला भांडण कळत नाही आणि मला तर त्याहून कळत नाही. मानसीताई, डॉक्टर नक्की काय म्हणाले?

मानसी : निधीच्या रक्तात शिसं जास्त आहे म्हणाले. सारखं पोट दुखायचं, चिडचिड करायची, म्हणून टेस्ट केली तर हे निघालं. औषध लागणार नाही इतक्यात, पण घरात ते कुठून जातंय ते शोधा आणि बंद करा, म्हणजे आपोआप उतरेल. शोधा म्हणे. कुठं शोधू यार? खेळणी फेकली, पलंगाचा रंग नखानं खरवडून पाहिला. सुयोग म्हणाला, पाण्याची टाकी असेल, तर टाकीवर पण चढले.

तेजल : तुम्ही चढलात? नवरा नाही?

मानसी : त्याला चक्कर येते उंचीवर. म्हणून तुमच्या संस्थेला फोन केला. आज नाही ना सापडलं, तर मी निधीला घेऊन दहिसरला जाणार. माझ्या आईकडे. बॅग भरलीय. शाळेतून आली की निघायचं.

शेवंती : ऐकलंस? म्हणून म्हणतंय, नीट बघ. माझी नात चाललीय इथून. भांडुपातनं दहिसर म्हणजे काय हाकेवर नाय. सणावाराला येईल ती, पाव्हण्यासारखी.

तेजल : द्या तो हळदीचा डबा.

शेवंती : काढ गो मानसी वरून. हा घे. माझ्या जावेनं कुडाळात परसात पिकवलेली हळद आहे. ती स्वतः कुटते.

तेजल : काही काही हळदीत रंग उजळावा म्हणून शिशाचा पिवळा रंग घालतात, आजी. ताईंना शंका आली त्यात चूक नव्हती. थांबा... छान. ही स्वच्छ आहे. एकदम झकास हळद.

शेवंती : ऐकलं का कोणी?

मानसी : ऐकलं.

शेवंती : डबा खालच्या फळीवर ठेव मगे. माझा हात पोचत नाय वर. आता मसाला बघ. आणि ही काजळाची डबी, ह्यातलं काजळ मी घरी धरते. ह्याच्यावर पण डोळा आहे हिचा.

तेजल : मसाला... ठीक. काजळ... हेही ठीक. पण आजी, काजळ घालू नका लहान मुलांना, डोळे येतात.

शेवंती : तू मशीन चालव. डॉक्टरकी नको.

तेजल : बरं. देव्हाऱ्यातलं कुंकू द्या.

शेवंती : कुंकू घे. पण ती बंदूक देवावर रोखायची नाय हं.

तेजल : नाही रोखत. पितळेचे देव आहेत, थोडंफार शिसं असेलही त्यांच्यात. पण देवाला कोणी चाटत नाही ना?

मानसी : निधीनं चाटला होता एकदा. बाळकृष्णाला लोणी लागलेलं.

शेवंती : लोणी पोराला लागतं, तेवढं चालतं. कुंकू काय म्हणतंय?

तेजल : काही म्हणत नाही. भिंतीपण बघितल्या मघाशी, त्याही बऱ्या. हा कार्टूनचा मग तेवढा फेका, लाल रंगात थोडं आहे. पण एवढ्यानं तिचा रिपोर्ट असा आला नसता. दुसरंच काहीतरी आहे. आपलंच काहीतरी चुकतंय शोधताना.

मानसी : झालं. म्हणजे वाट लागली. मी रिक्षा सांगून ठेवते.

शेवंती : वायच थांब ना गो. ही पोरगी अजून घरात उभी आहे. एवढी काय घाई तुका?

मानसी : माझं लेकरू आहे, आई.

शेवंती : आणि माझं कोण?

तेजल : मला एक सांगा दोघी. भांडून सांगा, पण सांगा. निधी रोज खाते ते काय? म्हणजे इतर मुलं खात नाहीत आणि ही खाते, असं.

मानसी : सोलकढी. आजीच्या हातची. भात नको, भाजी नको, पण कढी वाटी-वाटी पिते. मी तर म्हणायचे, चला, काहीतरी पोटात जातंय.

शेवंती : कोकम गावचं आहे. नारळ समोरच्या राजारामाच्या दुकानातला, मी वाजवून आणते. ह्यात काय वावगं असणार? बघायचं तर बघ, ही सोलं.

तेजल : सोलं बरी आहेत. कढी करता कशात?

शेवंती : कशात म्हणजे? टोपात.

तेजल : कसला टोप?

शेवंती : पितळेचा. माझ्या सासूचा. स्टीलातल्या कढीला काय चव आहे, सांग? आणि हे बघ, काय बोलायच्या आधीच सांगते. आंबट कोऱ्या पितळेत ठेवलं की कळकतं, हे मला कोणी शिकवायला नको.

तेजल : कळकतं म्हणजे? आमच्याकडे घाटकोपरला सगळी जर्मनचीच भांडी होती, हा शब्द मी ऐकलेला नाही.

शेवंती : अगो, पितळ आंबटाला लागतं. हिरवट, तोंड वाकडं करणारी चव येते. पोटात ढवळतं. म्हणून तर पितळेला आतून कल्हई करतात. कल्हई असली की आंबट पितळेला शिवत नाय. ह्या टोपाला कशी आहे बघ, आरशासारखी. तोंड दिसतं. कळकलेलं मी एक थेंब नाय दिलं माझ्या नातीला.

तेजल : द्या इकडे. ओट्यावर ठेवा, आडवा करून. आणि दोघी जरा मागे व्हा. बोलू नका आता.

मानसी : काय झालं? एवढा वेळ का लागतोय?

तेजल : परत घेते. तळाशी घेते... आजी, खुर्चीत बसा तुम्ही.

शेवंती : मी उभी आहे ती बरी आहे. बोल.

तेजल : सापडलं.

शेवंती : टोपात?

तेजल : टोपात नाही, कल्हईत. कल्हई करायची कथलानं. पण कथील महाग, म्हणून काही जण त्यात शिसं मिसळतात. दिसायला दोन्ही सारखं, चमक तीच, तोंडपण तसंच दिसतं त्यात. ह्यात भरपूर मिसळलंय. पक्कं करायला मी ह्याच्यात आंबट ठेवून ते लॅबला तपासायला देईन. पण खरं सांगू, मला शंका उरलेली नाही. कोकमाचं आंबट रोज त्याला खात होतं. म्हणजे तुमच्या शब्दात सांगायचं तर, आजी, ह्या वेळी कल्हईच कळकली.

शेवंती : पण चव बदलली नाय गो. पितळ कळकलं तर जिभेला कळतं. मी स्वतः चाखून द्यायची.

तेजल : शिशाला चव नसते. असलीच तर किंचित गोडसर. जीभ काय करणार?

शेवंती : "आजी अजून" म्हणायची. वाटी पुढे करून. आणि मी घालायची. ह्या हातानं घालायची. माझा चेडू ता... मानसी, जा घेऊन तिला. जा दहिसराक. मी अडवणार नाय.

मानसी : आई.

शेवंती : मी खरंच सांगतंय. राग नाय माझा.

मानसी : आई, बसा आधी. कल्हई मी करून आणली होती.

तेजल : तुम्ही?

मानसी : गणपतीच्या आधी. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, नुसत्या पडून असायच्या. जेवायच्या नाहीत. सारखं एकच, टोप माळ्यावर पडलाय, कल्हईवाला आता कुठं मिळतो, स्टीलातली कढी घशाखाली उतरत नाही. मला वाटलं, एवढं तरी करावं. नाक्यावर एक जण दिसला, भाता घेऊन बसलेला. त्याला कंपाउंडमध्ये बोलावलं. गरम टोपात नवसागर टाकला, पांढरा धूर निघाला, कसलीशी काडी घासून कापसानं फिरवली आणि टोप चमकायला लागला. मी खूश. तसाच फडक्यात बांधून ह्यांच्या मांडीवर ठेवला.

शेवंती : रडलेली मी त्या दिवशी. आठवतंय.

मानसी : मी चौकशी केली नाही त्याच्याकडे. कथील दाखव म्हटलं नाही. मला माहीतच नव्हतं असं विचारायचं असतं.

शेवंती : विचारतात, बाय. आमच्या गावात सासू समोर बसायची. काडी वाकवून दाखव म्हणायची. कथलाची काडी वाकवली की करकरते, आवाज येतो तिला. पण तुका कोण सांगणार होतं? मी पडलेली बिछान्यात.

मानसी : हळदीचा डबा वर ठेवताना मनात म्हणत होते, ह्यांच्या गावचंच काहीतरी निघू दे. माझं नको. आणि बघा.

शेवंती : मीपण तेच म्हणत होते. आठवडाभर देवासमोर बसून तुझं नाव घेतलं. म्हटलं, माझ्या हातचं नको निघू दे, तिच्या त्या बाहेरून मागवलेल्या खाऊतलं निघू दे. आता तुझं निघालं, तर माका काय गोड लागला नाय. तू माझ्यासाठी केलंस. मी तिच्यासाठी केलंय. शिव्या घालायच्या कोणाला?

तेजल : त्या कल्हईवाल्याला घाला. थोड्या माझ्याकडूनपण.

मानसी : तेजल, निधी बरी होईल ना? खरं सांग.

तेजल : होईल. टोप आजपासून बंद, की आत जायचं थांबलं. काही महिन्यांनी परत टेस्ट करा, आकडा खाली आलेला दिसेल. दूध, अंडी, नाचणी, पालेभाजी भरपूर द्या, पोट रिकामं ठेवू नका. आणि तुम्ही दोघी, सुयोगदादा, सगळ्यांनी एकदा रक्त तपासून घ्या. कढी तुम्हीपण पीत होतात ना?

मानसी : सगळेच. ह्यांचा टोप आल्यापासून रोज.

शेवंती : आणि कढी? कढी बंद करायची का आता?

तेजल : कशाला? कोकमाचा काय गुन्हा? स्टीलात करा.

शेवंती : चव नाय येणार.

मानसी : चव गेली तरी चालेल, आई. करा तुम्ही. मी दहिसरला आईला फोन करून सांगते, नाही येत म्हणून.

तेजल : एक राहिलं. त्याच कल्हईवाल्याकडून अजून कोणी भांडी करून घेतली का?

मानसी : ...हो.

तेजल : कोणी?

मानसी : मीच गेले होते दारोदार. म्हटलं, आमच्या आईंचा टोप करतेय, माणूस खाली बसलाय, तुमचीही द्या. शर्मिष्ठावहिनींनी पातेलं दिलं, पण ते नुसतं शोभेचं, गॅसवर कधी चढत नाही. समोरच्या वनमालाकाकूंनी टोप दिला. त्यांचा रोजच्या वापरात आहे. देवा, त्यांची लेक शीतल आलीय त्यांच्याकडे. बाळंतपणाला.

तेजल : मग उठा. पोटातल्या बाळाला तर आधी जातं हे.

मानसी : कोणत्या तोंडानं जाऊ? मीच आग्रह केला होता. काकू नाही म्हणत होत्या. बिल्डिंगभर होईल, मानसीनं विष वाटलं म्हणून.

शेवंती : तोंड माझं घेऊया. हात दे मला. हा गुडघा बसला की उठायचं नाव घेत नाय.

मानसी : तुम्ही राहू द्या आई, मी सांगते.

शेवंती : सांग ना. मी कुठं नाय म्हणतंय? पण पुढे मी. तेजल, तुझी ती बंदूक घे आणि मागनं ये.

(समोरचं दार. आत कुकरची शिट्टी होते.)

शेवंती : वनमाला, दार उघड गो. गॅस बारीक कर आधी.

वनमाला : काय गं शेवंती, तिघी-तिघी? निधी बरी आहे ना?

शेवंती : बरी होईल. कशामुळे झालं ते सापडलं आमच्या घरात. गणपतीआधी कल्हई केलेला तुझा टोप कुठाय? शीतल त्यातलं आंबट-बिंबट खाते?

वनमाला : तिची चिंचेची आमटी त्यातच. डोहाळे आहेत ना. का गं?

शेवंती : त्या कल्हईत शिसं निघालं. निधीच्या रक्तात तेच गेलं. ही पोरगी मशीन घेऊन आलीय, तुझा टोप बघेल. आणि शीतलचं रक्त उद्याच तपासून घे.

वनमाला : अरे देवा. माझी पोर... तो कल्हईवाला तर तुझ्या सुनेनं आणलेला. हिनंच आणलेला ना?

मानसी : काकू, मी...

शेवंती : आम्ही आणलेला. टोप काढ.